पाठोपाठ अपघात झाल्यास वाहन विमा कसा वापरावा

मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा असला तरी त्यातून स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी एक रुपयाही मिळत नाही, म्हणून एकामागून एक संकटे आली की स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारी सर्वसमावेशक पॉलिसीच कामी येते. तीही विचारपूर्वक वापरावी. एका दाव्यानेही पुढील नूतनीकरणात ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो, आणि सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळणारी 50 टक्के सवलत थोडीथोडकी नसते. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातील जी रक्कम मालकालाच सोसावी लागते ती (1500 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस 1000 रुपये), प्रत्येक घटनेला स्वतंत्रपणे लागू होते. त्यामुळे बंपरवरील ओरखडा स्वखर्चानेच दुरुस्त करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मोठ्या दाव्यामुळे बोनस गेलाच असेल, तर त्याच वर्षातील दुसरे मोठे नुकसान खिशातून भरण्यात अर्थ नाही.

पावसाच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. त्याने होणारी इंजिनाची हानी साध्या पॉलिसीत सहसा धरली जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षण वेगळे घ्यावे लागते.