परदेशी आर्ट कॉलेजात इंग्रजी अडतं कुठे? सातारा-सांगलीच्या मुलांनो, या चुका टाळा

एटीडी (कलाशिक्षक पदविका) किंवा जीडी आर्ट (शासकीय कला पदविका) करून ब्रिटनच्या आर्ट कॉलेजात जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांचा हात बहुतेक वेळा चांगला बसलेला असतो. गाडी अडते ती केलेल्या कामाबद्दल बोलायची आणि लिहायची वेळ आली की. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा निघाली म्हणजे इंग्रजीचं झालं, या समजुतीतून पुढच्या बऱ्याच चुका होतात.

परीक्षेचं आधी उरकू. अर्ज भरताना ‘अकॅडमिक’ निवडा, ‘जनरल ट्रेनिंग’ नको. डिग्रीच्या खालच्या कोर्सला, म्हणजे आर्ट फाउंडेशन डिप्लोमासारख्या, व्हिसासाठी ‘यूकेव्हीआय’ची, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्याने मान्य केलेली परीक्षा लागते, साधी आयईएलटीएस चालत नाही. फी भरायच्या आधी हे कॉलेजकडून ईमेलवर लेखी घ्या. दुसरी गफलत नुसता एकूण बँड (गुण) बघण्याची. समजा, मागणी एकूण 6 आणि प्रत्येक भागात किमान 5.5 अशी आहे. लिस्निंग 7, रीडिंग 6.5, स्पीकिंग 6 आणि रायटिंग 5 पडले, तर एकूण 6 भरतात, पण रायटिंगमुळे अट हुकते. रायटिंगमध्ये 250 शब्दांच्या दुसऱ्या टास्कला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं. पहिल्याच टास्कवर अर्धा तास घालवणारे इथेच मार खातात. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे फार आधीही परीक्षा देऊन ठेवू नका.

पोर्टफोलिओतल्या ओळी

पोर्टफोलिओत, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायच्या कामांच्या संचात, चित्राखालची ओळ शेवटच्या रात्री लिहिली जाते आणि तिथेच घोळ होतो. इंटरमिजिएट या शालेय चित्रकला परीक्षेच्या सवयीने मुलं ‘मेमरी ड्रॉइंग’ लिहितात. आपल्याकडे त्याचा अर्थ बाजार, एसटी स्टँड, जत्रा असा माणसांचा प्रसंग. तिकडच्या परीक्षकाला वाटतं, एखादी वस्तू पाहून नंतर आठवणीने काढली असेल. ‘फिगर कॉम्पोझिशन’ लिहा. ‘ऑब्जेक्ट ड्रॉइंग’च्या जागी ‘स्टिल लाइफ’. ‘हाफ इंपीरियल’ असं कागदाच्या मापाचं नाव लिहून सोडून देऊ नका, सेंटिमीटर द्या: 38 × 56, आधी उंची, मग रुंदी, चित्र उभं असेल तर 56 × 38. क्रम असा ठेवा: शीर्षक, वर्ष, माध्यम, माप. आणि पोस्टर कलर वापरला असेल तर तोच लिहा. वजनदार वाटतं म्हणून ‘गुआश’ (अपारदर्शक जलरंग) लिहिलंत, तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

क्रिटमध्ये गप्प बसणं, किंवा पाठ केलेलं म्हणणं

क्रिट म्हणजे काम भिंतीवर लावायचं आणि ट्यूटर व वर्गमित्रांसमोर त्यावर बोलायचं. आपली मुलं ‘माय इन्स्पिरेशन इज’पासून घोकलेलं म्हणू लागतात आणि मध्येच कुणी प्रश्न टाकला की अडखळतात. पाठांतर सोडा, तीन गोष्टी तयार ठेवा: काय वापरलं, कोणता निर्णय का घेतला, कुठे अडलंय.

समजा, मिरजेच्या सतारीच्या तुंब्यावर लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून काढलेला ठसा, केलाय. ‘इंडियन कल्चर, ट्रॅडिशन, हेरिटेज’ एवढंच म्हणालात तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तुंबा वाळवलेल्या भोपळ्याचा असतो. त्याची गोलाई दाखवायला रेघा वळवून कोरल्या, दुसऱ्या ठशाला शाई मुद्दाम कमी लावली, खालची कड अजून सपाट दिसते. हे साध्या, तुटक इंग्रजीत सांगितलं तरी पुढची चर्चा सुरू होते. शेवटी ‘द बॉटम एज लुक्स फ्लॅट, व्हॉट वुड यू ट्राय?’ असा प्रश्न तुम्हीच विचारा, म्हणजे बोलणं तुमच्या अडचणीभोवती राहतं.

सरावाला औंधचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय उत्तम. एका चित्रासमोर दहा मिनिटं थांबा, मग बाहेर येऊन दोन मिनिटं इंग्रजीत बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. ‘नाइस’ आणि ‘ब्यूटिफुल’ला बंदी. उजेड कुठून येतो, नजर आधी कुठे जाते, कडा कुठे विरघळतात, एवढंच बोलायचं.

इंग्रजी सपोर्टचा उलटा वापर

बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी कोर्ससोबत इंग्रजीचे वर्ग आणि एकेकट्याची भेट असते, सहसा वेगळी फी न घेता. तिथे गेलो तर कच्चा समजतील म्हणून कितीतरी जण जातच नाहीत. गेल्याची नोंद मार्कांत कुठेही धरत नाहीत. जे जातात ते सबमिशनच्या आदल्या आठवड्यात, तेव्हा वेळा भरलेल्या असतात. ब्रीफ, म्हणजे कामाचा लेखी तपशील, हातात पडलं की त्याच आठवड्यात वेळ घ्या.

तिथली शिक्षिका निबंधाचं व्याकरण ओळीओळीने सुधारून देत नाही. ते तिचं कामच नाही. नेताना ब्रीफ, मूल्यमापनाचे निकष, चारपाचशे शब्दांचं एक पान आणि दोन नेमके प्रश्न न्या. ‘इज धिस करेक्ट?’ला उत्तर मिळत नाही. ‘दुसऱ्या परिच्छेदात मुद्दा कुठे सुटतो?’ला मिळतं.

मराठीत अख्खा निबंध लिहून भाषांतराच्या ॲपमधून काढू नका. आपली लांबलचक वाक्यं तशीच उतरतात, आणि काही कॉलेजांच्या नियमांत तो गैरप्रकारही ठरू शकतो. मुद्दे खुशाल मराठीत काढा, वाक्यं मात्र थेट इंग्रजीत लिहा. नोट्स उतरवून काढायची शाळेतली सवय इथे सरळ चोरीत धरली जाते, म्हणून प्रत्येक उसन्या विचारापुढे आणि चित्रापुढेही हार्वर्ड पद्धतीने नाव व वर्ष द्या.

फीडबॅक गोड भाषेत येतो. ‘यू माइट वॉन्ट टू कन्सिडर’ म्हणजे बहुधा ‘हे बदला’. ईमेलमध्ये ‘रिस्पेक्टेड सर’ नको. ट्यूटरला नावानेच हाक मारतात.

सगळ्यात धोक्याची जागा वर्कशॉप. टेक्निशियन एचिंगचं (धातूचा पत्रा रसायनाने कोरायचं) रसायन किंवा छपाईचा प्रेस समजावत असताना न कळताच मान हलवू नका, तो त्याला होकार समजतो. ‘कॅन आय शो यू द स्टेप्स?’ म्हणा, एकेक पायरी त्याच्यासमोर करून दाखवा आणि त्याने हो म्हटल्यावरच हँडल फिरवा.