टाचेवर पेनाने फुली मारून जा

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. वर्गात दिवसभर उभं राहून शिकवायचं, त्यामुळे संध्याकाळी पुन्हा तेच. आठ महिने ताणाचे व्यायाम केले, चपला बदलल्या, तेव्हा कुठे डॉक्टरांनी शॉकवेव्ह, म्हणजे यंत्राने टाचेवर ठोके द्यायची उपचारपद्धत, सुचवली. ही पहिल्या महिन्यात घ्यायची गोष्ट नाही. बहुतेकांची टाच साध्या उपायांनीच बरी होते. सहा महिने ते मनापासून करूनही दुखत असेल तर विचारा.

नाव ऐकून मला विजेच्या झटक्याची धास्ती होती. वीज अंगात जात नाही, दाबाच्या लहरी जातात. मुतखडा फोडायला १९८० मध्ये म्युनिकला अशाच लहरी वापरल्या होत्या. टाचेत मात्र काही फोडायचं नसतं. एक्स-रेमध्ये दिसणारं वाढलेलं हाड तसंच राहतं.

गर्भारपण, रक्त पातळ करणारी गोळी, टाचेत अलीकडे घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, यातलं काही असेल तर आधीच सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शॉकवेव्ह घ्यायच्या दिवशी सकाळी अंगठ्याने टाच दाबत जा. तळव्याची कमान जिथे टाचेला मिळते तिथे, आतल्या अंगाला, बहुधा नेमकी जागा सापडते. तिथे बॉलपेनने फुली मारा. दुपारपर्यंत टाच सैल होते आणि ‘इथेच कुठेतरी’ एवढंच सांगता येतं. पहिल्या खेपेला माझं तेच झालं, बरेचसे ठोके बाजूला पडले.

जागा बधिर करायचं इंजेक्शन मागू नका. दुखतं तिथेच मारायचं असतं, आणि बधिर केल्यावर गुणही कमी येतो. थंडगार जेल लावतात, मग टकटकटक, साधारण २००० ठोके. पहिली दोन मिनिटं मी चादर मुठीत धरली होती. पुढे कळ बोथट होते. दहापैकी किती दुखतंय ते सांगत राहा आणि सोसेल तेवढाच जोर वाढवू द्या.

नंतर एक-दोन दिवस टाच ठणकते, लाल होते. दोन दिवस धावणं, उड्या नकोत. सूज उतरवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच खेपा लागतात. तिसरीनंतरही फरक दिसेना तेव्हा मी रडकुंडीला आले होते, पण गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात. तोवर व्यायाम सोडू नका: पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं नडगीकडे ओढा, दहा आकडे मोजा, असं दहा वेळा. सकाळचा व्यायाम पलंगावरच, पाय जमिनीला लागायच्या आधी.