क्रोएशियातल्या वकील-राजकारणी स्त्रीची चरित्रनोंद लिहिताना

आधी ती खरंच वकील होती का, हे तपासा. क्रोएशियात कायद्याची पदवी मिळाली म्हणून कोणी वकील होत नाही. पदवीनंतर शिकाऊ म्हणून काम करावं लागतं, मग न्यायिक परीक्षा द्यावी लागते आणि शेवटी क्रोएशियन वकील मंडळाच्या यादीत नाव चढावं लागतं. याद्रांका कोसोर यांनी झाग्रेबला कायद्याची पदवी घेतली, पण त्या रेडिओ पत्रकार म्हणून वाढल्या आणि 2009 ते 2011 देशाच्या पंतप्रधान होत्या. त्यांच्या नोंदीत ‘वकील’ हा शब्द नको. वकिली करून पुढे राजकारणात आलेल्या दालिया ओरेश्कोविच यांच्या नोंदीत तो हवा.

मग पदांची तारीखवार यादी करा आणि प्रत्येक पदापुढे ते कोणी दिलं ते लिहा. बहुतेक नोंदी इथेच फसतात. ओरेश्कोविच 2013 ते 2018 हितसंबंध-संघर्ष प्रतिबंधक आयोगाच्या, म्हणजे सार्वजनिक पदावरच्या लोकांचे खासगी हितसंबंध तपासणाऱ्या संस्थेच्या, अध्यक्ष होत्या. हे पद मतदारांनी किंवा पक्षाने दिलेलं नाही, आयोगाचे सदस्य संसद निवडते, म्हणून हा काळ राजकीय कारकिर्दीत घालू नका. त्यांचा पक्ष निघाला तो 2018 मध्ये, आयोग सुटल्यावर. त्याचं नाव पुढे बदललं, तेव्हा नाव त्या-त्या वर्षाचंच द्या. आयोगाच्या एखाद्या निर्णयाचा उल्लेख करायचा असेल तर प्रशासकीय न्यायालयात त्याचं काय झालं तेही पाहा. निर्णय तिथे रद्द होऊ शकतो, आणि तेवढं वगळलं तर नोंद एखाद्यावर अन्याय करते.

निवडणुकांचं गणित वेगळं ठेवा. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला 10,000 मतदारांच्या सह्या लागतात आणि पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नसली तर दुसरी फेरी होते. ओरेश्कोविच डिसेंबर 2019 च्या पहिल्या फेरीत उमेदवार होत्या, दुसऱ्या फेरीत नव्हत्या. संसदेत, म्हणजे साबोरमध्ये, 151 जागा: दहा मतदारसंघांतून प्रत्येकी 14, परदेशस्थ मतदारांच्या 3, अल्पसंख्याकांच्या 8. मत यादीला पडतं, त्यामुळे ‘अमुक मतदारसंघाची आमदार’ अशी आपल्याकडची वाक्यरचना इथे चालत नाही. कोणत्या यादीवरून निवडून आल्या ते सांगा. 2020 ला त्या छोट्या पक्षांच्या आघाडीतून आल्या, 2024 ला समाजवादी लोकशाही पक्षाच्या आघाडीच्या यादीवरून. खासदार मंत्री झाली की तिची जागा गोठते आणि बदली सदस्य बसतो. म्हणून ‘निवडून आल्या’ आणि ‘सभागृहात बसल्या’ या तारखा वेगळ्या असू शकतात.

मालमत्तेचे आकडे त्यांच्या जाहीर विवरणपत्रातून घ्या, बातमीतून नको. 1 जानेवारी 2023 पूर्वीची रक्कम कुनामध्ये, म्हणजे तेव्हाच्या क्रोएशियन चलनात, असते, 7.5345 ने भागलं की युरो येतात. रुपयांत बदलायचं असेल तर त्या वर्षीचा दर धरा.

नावांसाठी इंग्रजी उच्चारावर विसंबू नका. रोमन लिपीतलं J हे अक्षर ‘य’ होतं, C हे ‘त्स’, आणि S वर उलटं टोपण असलं (Š) की ‘श’. क्रोएशियन बातम्या शोधताना पहिलं नाव टाकू नका, ते विभक्तीनुसार बदलतं. ओरेश्कोविचसारखं स्त्रीचं व्यंजनान्त आडनाव मात्र तसंच राहतं, तेच टाका.