जळगावात संशोधनाला येणाऱ्यांसाठी

कोकणातून इथे आलो आणि जळगावचाच झालो. विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करायला दरवर्षी बाहेरगावची मुलं-मुली येतात आणि सगळ्यांना आधी राहण्याची चिंता असते. ती सोय होते. वसतिगृह मिळालं तर उत्तम, नाहीतर पिंप्राळ्याकडे खोली बघा. विद्यापीठ गिरणेपलीकडे महामार्गालगत आहे, त्या बाजूने जाणं-येणं सोपं पडतं. गच्चीखालची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी नको. जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधकाच्या शिष्यवृत्तीचे, ३७,००० रुपये कागदावर दर महिन्याचे असले तरी हातात कधी येतील याचा भरवसा नसतो, म्हणून येतानाच चार-सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज ठेवा.

खरी तयारी हवी ती उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अंगाला त्याची सवय होते, प्रयोगाला होत नाही. सूक्ष्मजीव ठरावीक तापमानाला वाढवायची पेटी म्हणजे इनक्युबेटर; साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. खोलीच चाळिशीच्या वर गेली तर ३७ वर लावलेल्या कल्चरला, म्हणजे वाढवायला ठेवलेल्या सूक्ष्मजीवांना, ३७ अंश मिळतच नाहीत, आणि मार्चमधले आकडे मेच्या आकड्यांशी जुळत नाहीत. बुरशीला २८ च्या आसपास ठेवायचं तर गारही करणारा बीओडी इनक्युबेटरच लागतो, आणि त्या दिवसांत तो सगळ्यांनाच हवा असतो. फेब्रुवारीतच गाईडशी बोलून आपला कप्पा पक्का करा. सूक्ष्मजीव ज्यावर वाढवतो तो जेलीसारखा अगार साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. एसी बंद पडलेल्या खोलीत भर दुपारी ओतलेल्या प्लेट बराच वेळ पातळच राहतात. ओतायचं काम सकाळी उरका. चार-पाच दिवस ठेवायच्या प्लेट पिशवीत बांधा, नाहीतर इथल्या कोरड्या हवेत अगार आक्रसून तडकतो.

घरी मोठा कूलर घ्याच. लॅबमध्ये मात्र कुणी तो लावू लागलं तर स्पष्ट नाही म्हणा, नवीन असलात तरी. ओल्या जाळीतून येणारा वारा बुरशीचे बीजाणू सरळ तुमच्या टेबलावर आणतो.

उणे ८० अंशांच्या फ्रीजरवर एकट्यावर विसंबू नका. प्रत्येक महत्त्वाच्या कल्चरचा ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवलेला राखीव नमुना) दुसऱ्या फ्रीजरमध्ये, जमलं तर दुसऱ्या इमारतीत ठेवा. सुट्टीच्या दिवशी लाइट गेली तर जनरेटर कोण सुरू करतं, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या आणि त्या माणसाचा नंबर फोनमध्ये ठेवा.

आता शेताबद्दल. इतका केळीचा पट्टा दाराशी असताना चार भिंतींत बसून संशोधन करणं मला पटत नाही. रावेर-यावलकडे जा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागायतदाराला चिंता असते झाड सुकवणाऱ्या मर रोगाची. तो रोग आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. म्हणून एका बागेचा चिखल दुसऱ्या बागेत नेऊ नका: बूट, खुरपं, मातीचा नमुना काढायचा ऑगर सगळं आधी घासून धुवा आणि मग निर्जंतुक करा. हे न पाळणाऱ्याला मी नमुने आणायला पाठवत नाही.

तिकडे लेवा बोली ऐकाल, धुळे-अमळनेरकडे अहिराणी. कळेना झालं तर ‘आबा, जरा सावकाश बोला’ म्हणा, कुणाला राग येत नाही. हिवाळ्यात गेलात तर भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत. वेळ ठेवूनच जा.

नमुना दिलेल्या शेतकऱ्याकडे निकाल घेऊन परत गेलंच पाहिजे. पेपर छापून येईपर्यंत थांबू नका, त्याची पुढची लागवड थांबत नाही. मातीत फ्युजेरियम सापडलं की नाही, हे एका कागदावर मराठीत लिहून द्या. नुसतं सापडल्याने मर येईलच असं नसतं, कारण त्याच्या निरुपद्रवी जातीही मातीत असतात, हेही तिथे बसून समजावून सांगा. आणि रोगकारक बुरशीला रोखणाऱ्या ट्रायकोडर्मा या बुरशीचा तुमचा प्रयोग फक्त कुंडीत झाला असेल, तर तो अजून कुंडीतच आहे असं त्याला सांगा.