लिहून घर चालवायचंय? मग या चुका टाळा

नाशिकमध्ये राहून नुसत्या लिखाणावर घर चालतं का, असं नवीन मुलं विचारतात. चालतं. पण अडतं तेव्हा बहुतेक वेळा लिखाण वाईट नसतं, व्यवहार कच्चा असतो.

सगळ्यात महागात पडलेली माझी चूक म्हणजे तोंडी बोलणं. एका संस्थेची स्मरणिका लिहायला घेतली, पंचवटी-भद्रकालीत भर पावसात फिरून म्हाताऱ्या माणसांशी बोललो, चार महिने गेले आणि मानधनाचं काय तर "बघू हो, घरचंच काम आहे". मग कमिटी बदलली, नवीन लोक म्हणाले आम्हाला काही माहीत नाही, आणि माझ्याकडे दाखवायला साधा एक मेसेजही नव्हता. आता फोन झाला की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो: किती शब्द, कधी देणार, दुरुस्त्या किती वेळा, पैसे किती आणि कधी. समोरून "हो चालेल" आलं की मगच पहिली ओळ लिहायची. थोडा अ‍ॅडव्हान्स मागाच, जो अ‍ॅडव्हान्सला कुरकुर करतो तो नंतरही करतो.

पैसे अडकले तर? काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवा, आधारवर ऑनलाइन होते, फुकट आहे. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे लांबवता येत नाहीत, लांबवले तर व्याज लागतं. सभ्य भाषेत एवढं कळवलं तरी पुष्कळदा अकाउंट्सवाल्यांचा फोन येतो.

दुसरं, न वाचता सही. "सर्व हक्क कायमस्वरूपी" ही ओळ दिसली की थांबा आणि विचारा, हक्क नक्की कशाचे, छापील पुस्तकाचे की ऑडिओ, अनुवाद, सिरीज सगळ्याचेच? १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कोरी जागा लेखकाच्या बाजूची असते, घाईघाईत "कायम" लिहून देऊन ती आपणच घालवतो. लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हा हक्क घरच्यांकडे राहतो, त्यामुळे हा विषय एकट्याचा नाही.

फॉन्टचं छोटंसं. आपण युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर चालतं त्या मराठीत, लिहितो, छापखान्यात बरेचदा अजून जुना फॉन्ट असतो, आणि कन्व्हर्ट करताना "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला र्‍ आणि काही जोडाक्षरं तुटतात. फायनल पीडीएफ मागून हीच अक्षरं आधी शोधा.

मानधनातून टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, गेला असेल तर आयकराच्या साइटवरच्या २६एएस या तुमच्या कर-उताऱ्यात दिसतोय का बघा आणि रिटर्न भरा, नाहीतर हक्काचा रिफंड तसाच राहतो.

आणि एक चूक अशी की कामं वाढली की वाचन बंद होतं. माझं झालं होतं. दीड वर्ष नुसतं लिहीत होतो, तर प्रत्येक लेखात तीच वाक्यं यायला लागली, संपादकांनीच फोन करून सांगितलं. १८४०पासून चालू असलेलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, आपल्या गावात आहे आणि मी तिथे पाऊलही टाकत नव्हतो. आता शनिवारची सकाळ तिथली, फोन पिशवीत, आणि त्या दिवशी कुणाचंही अर्जंट काम घेत नाही.