गुलाबी बोंडअळी: कामगंध सापळे लावताना आणि मोजताना

कपाशीला 45 दिवस झाले, पात्या (फुलांच्या कळ्या) लागू लागल्या की कामगंध सापळे लावा. गुलाबी बोंडअळीची मादी रात्री गंध सोडते. नर तो मिशांनी टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने तिच्याकडे येतो. सापळ्यात टांगायच्या ल्युरमध्ये, म्हणजे गंधाच्या गोळीत, याच गंधाची नक्कल असते. म्हणून सापळ्यात सापडतात ते फक्त नर. अंडी घालणारी मादी पिकातच असते.

पाहणीसाठी एकरी 2 सापळे पुरतात, एकमेकांपासून 50 मीटरवर. सापळा पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर ठेवा आणि पीक वाढेल तसा सरकवत राहा. पानांत बुडालेल्या सापळ्याचा गंध नीट पसरत नाही. पतंग पडत नाहीत आणि कीडच नाही असा समज होतो. तंबाखू मळलेल्या किंवा औषध लागलेल्या हाताने ल्युर धरू नका. हिरव्या बोंडअळीची ल्युर वेगळी असते. दोन्ही एकाच सापळ्यात नकोत. साधारण 3 ते 4 आठवड्यांनी ल्युर बदला, जुनी शेतात फेकू नका. आणि सापळ्याच्या पिशवीचे खालचे टोक बांधलेय ना, तेही बघा!

रोज सकाळी पतंग मोजून पिशवी रिकामी करा. प्रति सापळा 8 पतंग सलग 3 रात्री आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करणे परवडते ती पातळी, गाठली. तरी पंप पाठीवर घेण्याआधी पीक तपासा. 100 फुलांत 10 डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुले), किंवा वेगवेगळ्या झाडांवरच्या 20 हिरव्या बोंडांपैकी 2 बोंडांत अळी, हा खरा इशारा. बोंडाला बाहेरून छिद्र दिसेलच असे नाही, फोडूनच पाहावे लागते. अळी एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. डोमकळ्या तोडून अळीसह नष्ट करा. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. पहिल्या तीन महिन्यांत सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके टाळा, पांढरी माशी उसळते.

नर पकडून कीड कमी करायची तर एकरी 8 ते 10 सापळे लागतात. पण ते सगळ्या शिवाराने लावले तरच उपयोग. शेजारच्या रानात मीलन झालेली मादी उडत येते, तिला सापळ्याची ओढ नसते.

हिवाळ्यात दिवस लहान झाले, थंडी वाढली की अळी बोंडातल्या सरकीत सुप्तावस्थेत जाते. डिसेंबरअखेर वेचणी संपवा, फरदड (वेचणीनंतर पुढे राखलेले पीक) ठेवू नका, पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळल्या काड्यांचे) ढीग बांधावर नकोत. पाऊस पडल्यावर निघणाऱ्या पतंगांना शेतात पात्या मिळाल्या नाहीत, तर त्यांची पिढी पुढे सरकत नाही. मान्सूनपूर्व लागवडीत नेमक्या त्याच वेळी पात्या तयार असतात.