झाडं गेटवर, गळती शेडमध्ये: कारखानदारांनो, या चुका टाळा

५ जूनला, पर्यावरण दिनी, गेटजवळ रोपं लावली जातात, फोटो निघतात आणि आत मशिनांना दाबाची हवा पुरवणारा कंप्रेसर रात्रभर चालूच राहतो. चाकण-भोसरीपासून गोकुळ शिरगावपर्यंत बऱ्याच कारखान्यांत हेच चित्र आहे. मालकांचा हेतू चांगला असतो, पण काम भलत्याच टेबलावर जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पर्यावरण एचआर किंवा सीएसआरवाल्यांच्या (म्हणजे कंपनीचं सामाजिक काम बघणाऱ्यांच्या) गळ्यात मारणं. कंपनी कायद्यातल्या २ टक्के सीएसआर खर्चात नेहमीच्या धंद्यातलं काम धरताच येत नाही. तुमच्या शेडमधली वीज, पाणी, भंगार हा प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि पर्चेसचा विषय आहे आणि या तिघांना एकत्र बसवू शकतो तो मालक किंवा प्लांट हेडच.

सकाळच्या मीटिंगमध्ये डिस्पॅच आणि रिजेक्शनच्या शेजारी एक आकडा वाढवा: टनभर मालामागे विजेचे किती युनिट लागले. तो मालकाने स्वतः विचारायचा, रोज. नुसत्या महिन्याच्या बिलावरून कुठल्या मशिनने वीज खाल्ली ते कळत नाही, म्हणून जास्त वीज खाणाऱ्या मशिनला सबमीटर, म्हणजे स्वतंत्र मीटर, लावा.

सुरुवात कंप्रेसरच्या हवेपासून करा. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या एका भोकातून निसटणाऱ्या हवेपायी कंप्रेसर साधारण ३ किलोवॅट खातो. तीन शिफ्ट आणि ३०० दिवस धरले तर वर्षाला २० हजारांहून जास्त युनिट! सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद ठेवून फक्त कंप्रेसर चालू करा. लाइन भरल्यावरही तो पुन्हा पुन्हा लोडवर येत (हवा भरायला लागत) असेल, तर ती हवा गळतीतच चालली आहे. आवाज येईल तिथे साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसले की टॅग अडकवा. क्विक कपलिंग आणि होजचे क्लॅम्प आधी तपासा, बहुतेकदा दोष तिथेच सापडतो. मग प्रेशर सेटिंग बघा. कधीतरी दाब कमी पडला म्हणून वाढवलेलं सेटिंग तसंच राहून जातं आणि दर जादा बारला वीज ६ ते ७ टक्के वाढते.

इथे एक जपा. गळती दाखवणाऱ्या ऑपरेटरला ‘इतके दिवस काय करत होतास?’ असं विचारलंत, तर पुढची गळती तुमच्यापर्यंत येणारच नाही.

पर्चेस मॅनेजरचं कौतुक फक्त स्वस्त खरेदीवर होत असेल, तर तो स्वस्तच मोटर आणणार. त्यात त्याचा दोष नाही. सतत चालणारी मोटर आपल्या किमतीच्या कित्येक पट वीज वर्षभरात खाते. कोटेशनच्या तक्त्यात पाच वर्षांच्या विजेचा रकाना घाला आणि त्यावरच निर्णय घ्या.

ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी चालत असेल, तर वरचं सगळं व्यर्थ आहे. कामगार ते रोज बघतात आणि मालकाच्या बाकी बोलण्याचीही तीच किंमत करतात.

‘शंभर टक्के ग्रीन’ असं ब्रोशरवर छापण्याची घाई नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा दाव्यांना पुरावा लागतो. सेबीने आघाडीच्या १,००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल बंधनकारक केला आहे, त्यामुळे त्या आपल्या सप्लायरकडेही आकडे मागू लागल्या आहेत. तुमच्या ग्राहकाची प्रश्नावली येईल तेव्हा सबमीटरच्या नोंदी असतील तर ती दोन दिवसांत भरून होईल.